पातळ फिल्म व्हीएसएमला पाठवण्याआधी

पीएचडीला निकेल-लोखंडाच्या पातळ फिल्म घेतल्या असतील तर फिल्म बनवण्याची फार धास्ती घेऊ नका. टंगस्टनची बोट (धातू तापवून वाफ करायची छोटी पन्हळ) वितळलेल्या निकेलशी मिसळून तुटते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पंप थंड ठेवायला जाणारं पाणीच गरम असल्याने व्हॅक्यूम नीट तयार होत नाही, हे सीनियर सांगतातच. व्हीएसएम, म्हणजे नमुना कंपवून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. त्यावरच्या मोजमापातला धोका मात्र कुणी सांगत नाही. माझा सगळ्यात वाईट काळ तिथंच गेला.

सिलिकॉनचा पाच मिलिमीटर चौरस तुकडा, त्यावर 20 नॅनोमीटर परमॅलॉय, म्हणजे सुमारे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के लोखंड. त्याचा मोमेंट, म्हणजे एकूण चुंबकत्व, भरतो साधारण 0.0004 ईएमयू (मोमेंटचं एकक). खालचं अर्धा मिलिमीटर सिलिकॉन 10 किलोऑर्स्टेडच्या चुंबकीय फील्डला (ऑर्स्टेड हे फील्डचं एकक) उलट दिशेने 0.00003 च्या आसपास देतं. फिल्म 2 नॅनोमीटरची झाली की दोघं तोडीस तोड. स्टीलच्या चिमट्याने कडेला अर्धा मायक्रोग्रॅम लोखंड लागलं तर तेच 0.0001 दाखवतं! प्लास्टिकचा चिमटाच वापरा.

आता खरा सापळा. लूप म्हणजे फील्ड वाढवत-घटवत काढलेला मोमेंटचा आलेख. त्याच्या टोकांची तिरकी रेष म्हणजे सिलिकॉन, ती वजा करायची, असं सगळे शिकवतात. फील्ड फिल्मच्या प्रतलात असेल तर बरोबर आहे, कारण परमॅलॉय काही ऑर्स्टेडमध्येच सॅच्युरेट होतं, म्हणजे त्याचा मोमेंट आणखी वाढत नाही. फील्ड लंब असेल तर नाही. तिथं डीमॅग्नेटायझिंग फील्डमुळे (फिल्मचं स्वतःचं, बाहेरच्या फील्डला विरोध करणारं फील्ड) सॅच्युरेशनला 10 किलोऑर्स्टेडच्या आसपास जावं लागतं, आणि तोवर फिल्मचा स्वतःचा मोमेंटही सरळ रेषेतच वाढतो. तुम्ही 5 किलोऑर्स्टेडवर थांबलात आणि सॉफ्टवेअरला रेष वजा करायला सांगितली, तर वजा होते ती फिल्म. मागे उरतो एक बारीक लूप. नमुना किंचित तिरका बसल्याचा किंवा कडेच्या लोखंडाचा. तोच लंब ॲनिसोट्रॉपी (फिल्मला लंब दिशेत चुंबकित होणं सोपं जाणं) म्हणून थीसिसमध्ये जातो.

ओळखायची खूण सोपी आहे: सिलिकॉनचा उतार ऋणच असतो. वजा केलेली रेष धन निघाली तर तिथंच थांबा. फील्ड 15-20 किलोऑर्स्टेडपर्यंत न्या, आणि त्याच वेफरचा तेवढाच कोरा तुकडा त्याच दिशेत मोजून घ्या. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमला (विद्यापीठांच्या संशोधकांना मोजमापाची यंत्रं वापरू देणारी संस्था) प्रपोजल टाकताना कोऱ्या तुकड्याचं मापन त्यातच लिहा. तिथं पोचल्यावर आठवलं तर वेळ मिळेलच असं नाही.

सीनियरची ओरिजिन (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) फाइल घेऊन आपला डेटा त्यात ओतणं मला मुळीच पटत नाही. कोणता उतार वजा झाला हे त्यात दिसतच नाही. कच्चा डेटा उघडून बघणारा गाइड मिळत असेल तर विषय थोडा कमी आवडता असला तरी घ्या.

आणि पहिला लूप वेडावाकडा आला म्हणून खचू नका. बहुतेकांचा तसाच येतो, आणि कच्ची फाइल जपून ठेवली असेल तर नमुना पुन्हा न बनवताही बरंच सुधारता येतं.