चाळीस माणसं, आठ टेबलं: बदल घडवणारी गटचर्चा कशी आखावी

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या सभांची मांडणी एकच असते. पुढे टेबल, त्यामागे कमिटी, समोर रांगेत खुर्च्या आणि एक माइक. अशा मांडणीत दोनच गोष्टी होतात, जाब विचारणं आणि जाब देणं. उन्हाळ्यातले टँकर, ओला-सुका कचरा, पार्किंग हे विषय त्यात वर्षानुवर्षं फिरत राहतात, कारण त्यांचं उत्तर कमिटीकडे नसतंच. प्रत्येक घराने काहीतरी बदललं तरच ते सुटतात. शाळा, कंपनी, सामाजिक संस्था इथेही हेच दिसतं.

यासाठी जगभर वापरली जाणारी एक सोपी पद्धत म्हणजे वर्ल्ड कॅफे. जुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ती सुरू केली. चार-पाच जणांचं एक टेबल, साधारण वीस मिनिटांची फेरी, फेरी संपली की यजमान, म्हणजे ते टेबल सांभाळणारी व्यक्ती, सोडून बाकी सगळे वेगवेगळ्या टेबलांवर जातात. एका टेबलावर निघालेला मुद्दा दुसऱ्या टेबलावरच्या मुद्द्याला भेटतो. पद्धत एवढीच. मात्र बैठकीचं यश या फेऱ्यांपेक्षा त्याआधीच्या तीन आणि नंतरच्या दोन आठवड्यांवर जास्त अवलंबून असतं.

आधी हे ठरवा: निकाल कोणाच्या हातात?

पुनर्विकासाचा बिल्डर कमिटीने मनात नक्की केला असेल, तर चर्चा ठेवू नका. सरळ माहिती द्या. ठरलेल्या गोष्टीवर लोकांना बोलायला बसवलं, तर ते पुढच्या पाच वर्षांत कुठल्याच बैठकीला येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. एखाद्या व्यक्तीविरुद्धची तक्रार, लैंगिक छळाचं प्रकरण, कोर्टात गेलेला वाद हेही या पद्धतीचे विषय नाहीत.

चर्चा आणि निर्णय या दोन वेगळ्या बैठका ठेवा. याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. अभ्यासगटात हरण्या-जिंकण्याचं काही नसल्यामुळे माणसं मोकळेपणाने विचार बदलू शकतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून गटचर्चा जुलैमध्ये ठेवा. मग त्यातून निघालेले ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला वेळ मिळतो. महापालिकेकडून काही करून घ्यायचं असेल, तर पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयाने सूचना मागवायच्या आधी चर्चा झालेली असेल, तर घाईघाईत एकट्यादुकट्याने अर्ज भरण्याऐवजी वस्तीने मिळून ठरवलेलं काम सुचवता येतं.

कमिटीकडून किंवा संचालकांकडून एक वाक्य लेखी घ्या: ‘या बैठकीतून आलेल्या प्रत्येक सूचनेला पंधरा दिवसांत होय, नाही किंवा अमुक तारखेपर्यंत कळवू, असं कारणासह लेखी उत्तर देऊ.’ हे वाक्य मिळत नसेल तर बैठक पुढे ढकला.

प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘पाणी का पुरत नाही?’ या प्रश्नावर तासभर महापालिका, बिल्डर आणि वरच्या मजल्यावरचे लोक यांचा उद्धार होतो. ‘पाणी वाचवायला हवं का?’ यावर सगळे होय म्हणतात आणि विषय संपतो. ‘सर्व फ्लॅटना मीटर बसवावेत का?’ यावर लगेच दोन तट पडतात. त्याऐवजी असं विचारून बघा: ‘पुढच्या मे महिन्यात आपले टँकर निम्मे करायचे असतील, तर आपल्या घरात, आपल्या इमारतीत आणि कामाच्या पद्धतीत काय बदलता येईल?’ यात मुदत आहे, माप आहे, आणि उत्तर देणाऱ्याच्या हातातलं काहीतरी आहे.

प्रश्न तयार झाला की आयोजनात नसलेल्या पाच जणांना विचारून पाहा: एक भाडेकरू, एक ज्येष्ठ नागरिक, एक घरकाम करणाऱ्या मावशी, एक वॉचमन, एक कॉलेजमधली मुलगी. प्रश्न ऐकून त्यांनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर शब्द बदला. ऐकताक्षणी गाऱ्हाणं सुरू झालं, तरी बदला. ते दोन क्षण थांबले आणि मग स्वतःचं काही सांगू लागले, तर प्रश्न जमला.

तीन फेऱ्यांना तीन पायऱ्या ठेवा. पहिल्या फेरीत अनुभव: ‘तुमच्या घरी पाण्याचा दिवस कसा जातो?’ दुसरीत मुख्य प्रश्न. तिसरीत ‘यातली कुठली गोष्ट आपण तीन महिन्यांत सुरू करू शकतो, आणि त्यासाठी कोणाची मदत लागेल?’ पहिली फेरी वगळायचा मोह होतो. ती वगळली की लोक थेट उपाय फेकायला लागतात आणि आपल्याच उपायाची वकिली करत बसतात.

कोणाला बोलवायचं

व्हॉट्सॲपवर निरोप टाकून येतात ते नेहमीचेच. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांची यादी करून प्रत्येकाला भेटून आमंत्रण द्या. भाडेकरूंना सभेत मत नसतं, पण पाणी तेही वापरतात. कचऱ्यावर चर्चा असेल तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आल्याच पाहिजेत, कारण चुकीच्या डब्यात काय पडतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांचं काम सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालतं. रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवलीत, तर तुम्ही त्यांना न बोलावल्यासारखंच आहे. दुपारी चारची वेळ धरा, आणि ज्यांचा रोज बुडतो त्यांना तो द्या. एका टेबलावर एकट्या मावशींना बसवू नका, दोघी असाव्यात. एकटी व्यक्ती गप्प राहते.

बऱ्याच सोसायट्यांत टेबलावर मराठी आणि हिंदी दोन्ही चालेल. प्रश्न दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्र काढायला सांगणं अपमानाचं वाटू शकतं. त्यापेक्षा यजमानाने सगळ्यांचंच लिहून घ्यावं.

हॉल आणि सामान

चाळीस जणांना आठ टेबलं, प्रत्येकी पाच खुर्च्या. टेबल लहान हवं. मांडववाल्याकडची सहा फुटी टेबलं आली, तर लांब बाजूंना दोन आणि तीन असे बसवा. टोकाला बसलेला माणूस चर्चेबाहेर पडतो. दोन टेबलांत निदान पाच फूट अंतर ठेवा. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो, तिथे आठ टेबलं चालत नाहीत. त्यापेक्षा पार्किंगची मोकळी जागा बरी.

चोवीस मोठे चार्ट पेपर आणि सहा जास्तीचे, टेबलागणिक दोन रंगांचे मार्कर, अर्ध्या ए-फोरची दीडशे कार्डं, रंग न उखडणारी कागदी चिकटपट्टी, ठिपक्यांचे स्टिकर. अप्पा बळवंत चौकात हे सगळं एका फेरीत मिळतं. पंख्याखाली कागद उडतात, वजनाला काहीतरी ठेवा. वेळ संपल्याची खूण म्हणून देवघरातली लहान घंटा पुरते. शिट्टी नको.

यजमान आठ. कमिटी सदस्य किंवा विभागप्रमुख यजमान नसावेत, कारण त्यांच्यासमोर लोक सांभाळून बोलतात. बचत गट चालवणाऱ्या स्त्रिया आणि शिक्षक हे काम छान करतात. आदल्या दिवशी त्यांना पाऊण तास तयार करा. त्यांचं काम तीन गोष्टींचं: नव्या लोकांना आधीच्या चर्चेचं सार दोन मिनिटांत सांगणं, प्रत्येकाला बोलायला मिळतंय हे पाहणं, आणि मुद्दे बोलणाऱ्याच्याच शब्दांत कागदावर उतरवणं.

तीन फेऱ्या

चारला चहा, सव्वाचारला सुरुवात. सूत्रधाराने पंधरा मिनिटांत विषय, निकाल कोण घेणार, आणि ते लेखी वाक्य सांगायचं. भाषण, सत्कार, पुष्पगुच्छ टाळा. साडेचार ते पाच-पन्नास या वेळेत वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये पाच-पाच मिनिटं बसतात. वर दहा मिनिटं उरतात, ती लागतातच.

लोकांना ‘कुठेही जा’ म्हटलं की एकाच इमारतीचे चौघे मिळून पुढच्या टेबलावर जातात. म्हणून यजमान सोडून प्रत्येक टेबलावरच्या चौघांना लाल, हिरवी, पिवळी, निळी चिठ्ठी द्या. घंटा झाली की लाल एक टेबल पुढे, हिरवी दोन, पिवळी तीन, निळी चार. आठ टेबलांच्या वर्तुळात दुसऱ्या फेरीला प्रत्येक टेबलावर चार वेगळ्या टेबलांची माणसं येतात. तिसऱ्या फेरीला पुन्हा तसंच हलायचं. निळ्या चिठ्ठीवाले तेव्हा आपल्या मूळ टेबलावर परततात, आणि आपल्या पहिल्या बोलण्याचं पुढे काय झालं ते त्यांना दिसतं.

एखादे काका थांबतच नाहीत, असं कुठल्या तरी टेबलावर होणारच. यजमानाने त्यांचा मुद्दा त्यांच्यादेखत लिहावा, वाचून दाखवावा आणि म्हणावं, ‘काका, हे बरोबर उतरलंय ना? आता या ताईंचं ऐकू.’ आपलं म्हणणं कागदावर आलं की बहुतेकांचं पुन्हा पुन्हा सांगणं थांबतं. तरीही जमलं नाही, तर हातात पेन असेल त्यानेच बोलायचं, असा नियम लावा. जुनी गाऱ्हाणी निघाली तर भिंतीवर वेगळा ‘तक्रारी’चा कागद लावून ठेवा. ती दाबू नका, फक्त टेबलावरून हलवा. कंपनीत किंवा संस्थेत साहेबांनी पहिल्या फेरीत फक्त ऐकावं, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

शेवटी सगळे कागद भिंतीवर लावा आणि दहा मिनिटं न बोलता वाचू द्या. मग प्रत्येकाने एका कार्डावर एकच सूचना लिहायची आणि सारख्या सूचना एकत्र लावायच्या. इथे सवयीने प्रत्येकी तीन ठिपके देऊन मतदान घेतलं जातं. ठिपके घ्या, पण त्यांना निकाल समजू नका. कामाला येणाऱ्या मावशींसाठी आवारात स्वच्छतागृह हवं ही सूचना आली आणि खोलीत मावशी तीनच असतील, तर ठिपके तेवढेच पडतील. म्हणून ठिपके मोजून झाल्यावर सूत्रधाराने विचारावं: ‘ठिपके कमी पडले, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी फार मोठी आहे, अशी कुठली सूचना आहे?’ ती वेगळ्या कागदावर घ्या.

सोप्या सूचनांना तिथेच माणूस आणि तारीख जोडा. ‘कमिटी बघेल’ हे नाव म्हणून धरू नका, खोलीत हजर असलेल्या व्यक्तीचं नाव हवं, तिने स्वतः होय म्हटलेलं.

नंतर

दोन दिवसांत सगळ्या कागदांचे फोटो पाठवा. सारांश नंतर. सारांश करणारा माणूस नकळत आपल्याला पटलेलं ठेवतो, आणि ज्यांचं वाक्य गळलं त्यांना ते लगेच कळतं. फोटो नोटीस बोर्डावरही लावा, कारण वॉचमन आणि मावशी सोसायटीच्या ग्रुपवर नसतात. पंधराव्या दिवशी उत्तरांचा तक्ता: सूचना, होय की नाही, कारण, जबाबदार व्यक्ती, तारीख. नाही म्हणायला हरकत नसते. ‘स्लॅबला भार पेलणार नाही, इंजिनिअरचं मत जोडलंय’ हे लोक मान्य करतात. गप्प बसणं मात्र मान्य होत नाही.

तीन महिन्यांनी तासाभराची बैठक घ्या, त्याच लोकांना बोलावून. तक्ता वाचायचा, झालेल्या कामांपुढे खूण करायची, अडलेल्या कामांसाठी कुठे अडलं एवढंच विचारायचं. ही तारीख पहिल्या आमंत्रणातच छापा.

ही पद्धत बसत नसेल तर

लोकांच्या मनात एकच विषय नसून दहा वेगवेगळे असतील, तर हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली ओपन स्पेस पद्धत घ्या. सगळे गोलात बसतात, ज्याला जो विषय हवा तो त्याने कागदावर लिहून भिंतीवर लावायचा आणि त्या गटाची जबाबदारी घ्यायची. ज्या गटात आपण काही शिकत नाही किंवा देत नाही, तिथून उठून दुसरीकडे जायचं, हा तिचा मुख्य नियम. त्यासाठी निदान अर्धा दिवस लागतो. व्यवस्थापन आणि कामगार यांनी एकमेकांचं ऐकायचं असेल तर फिशबोल बरा: आतल्या गोलात पाच खुर्च्या, चारांवर माणसं, एक रिकामी. बाहेरच्याला बोलायचं असेल तर त्याने रिकाम्या खुर्चीवर येऊन बसायचं, आणि आतल्या एकाने उठून बाहेर जायचं. बाहेर बसलेल्यांनी फक्त ऐकायचं. बाराहून कमी माणसं असतील, तर मात्र यातलं काहीच नको, एका सतरंजीवर गोल करून बसा.