थापाड्याची लव्हस्टोरी कोकणात, कमी पैशांत कशी शूट करावी

कॅमेरा जमवलाय, चार नट हाताशी आहेत आणि सिंधुदुर्गात कुणा मामाचं वर्षातले अकरा महिने बंद असलेलं घर आहे, असं धरून चालतो. यातलं काहीच नसेल तर आधी ते बघा. मी आतापर्यंत चार फिल्म केल्या, तीन छोट्या आणि एक पावणेदोन तासांची. चारही एकाच जातीच्या: मुलगा डेटिंग अ‍ॅपवर मुलीला थाप मारतो आणि पुढचा सगळा सिनेमा ती निस्तरण्यात जातो. पहिली पार आपटली. कशामुळे, ते खाली येईलच.

थाप फुकटातली निवडा

बजेट इथेच वाचतं किंवा इथेच बुडतं. नायक स्वतःला दुबईचा व्यापारी म्हणवत असेल तर तुम्हाला सूट लागेल, गाडी लागेल, हॉटेलची लॉबी लागेल. तोच नायक दुसऱ्याच्या आंबाबागेत राखणदार असेल आणि ‘दीडशे कलमं आपलीच’ म्हणत असेल, तर बाग समोर उभीच आहे. वस्तू तीच, मालकी तेवढी खोटी. थाप दाखवायला एक रुपयाही लागता कामा नये.

थापेची हद्दही आधीच आखून घ्या. लग्न झालेलं लपवणं नको, आणि तिच्याकडून पैसे घेणं तर मुळीच नको. त्याने पाचशे रुपये जरी मागितले तरी प्रेक्षक मनातल्या मनात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावतो आणि तुमची कॉमेडी सायबर गुन्ह्याच्या खात्यात जमा होते.

अ‍ॅपचे सीन

फोनचा स्क्रीन शूट करू नका. ऊन पडतं, बोटांचे ठसे दिसतात, आणि खऱ्या अ‍ॅपचं चिन्ह दिसलं की परवानगीचं झेंगट मागे लागतं. मेसेज नटाच्या तोंडून येऊ द्या. रेंज नाही म्हणून तो दर संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, चढतो आणि हात वर करून उभा राहतो, हे दाखवलंत की निम्मं काम झालं. बऱ्याच अ‍ॅपवर समोरची व्यक्ती किती किलोमीटरवर आहे ते दिसतं. म्हणजे मुंबईत असल्याचं सांगणारा मुलगा तिला ‘तीन किलोमीटरवर’ दिसू शकतो. हा विनोद एकदाच वापरा.

महिना कुठला

आंबा दाखवायचा असेल तर एप्रिल. मे महिन्यात चाकरमानी येतात आणि मामाच्या त्या बंद घरात अठरा माणसं झोपलेली असतात. शिमग्यात आणि गणपतीत तर कोकणी माणूस तुमच्यासाठी पालखी सोडून येईल या भ्रमात राहू नका. होड्या हव्या असतील तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि त्या आधीच वर ओढून झापांखाली गेलेल्या असतात.

किनाऱ्यावर एकच सीन दोन दिवस शूट करणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. काल चार वाजता जिथे नायिका बसली होती, तिथे अमावास्येच्या उधाणाला गुडघाभर पाणी असतं.

उघडकीचा सीन

आता खरं दुखणं. थाप उघडी पडते तो सीन. याबद्दल जो तो सल्ला देतो की इथे प्रेक्षकाला धक्का द्या. हा सल्ला ऐकूनच माझी पहिली फिल्म बुडाली.

तेव्हा मी तो सीन कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर, सूर्यास्ताला लावला. नायकाच्या कबुलीजबाबाची तब्बल सात पानं. पहिल्या टेकला सूर्य हातभर वर, दुसऱ्याला पाण्याला टेकलेला, तिसऱ्याला गायब. कामाचा उजेड फार तर वीस मिनिटं टिकतो आणि माझा नट दुसऱ्या पानावरच अडखळत होता. आवाजात लाटा इतक्या भरल्या की सगळं नंतर डब करावं लागलं. थंड बंद खोलीत हेडफोन लावून त्या पोराला तो गहिवर पुन्हा आणता येईना. ओठ रडत होते, आवाज बातम्या वाचत होता.

तरीही दोष समुद्राचा नव्हता, हे मला फिल्म गावात दाखवली तेव्हा कळलं. देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधून खेळ लावला होता. नायिका डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “तू मला फसवलंस!” आणि पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्याने शेजारणीला म्हणाली, “हिका ठावक नाय? वाडीत सगळ्यांका ठावक आसा मगे!”

सभामंडप हसला. माझ्या विनोदावर दीड तासात कुणी एवढं हसलं नव्हतं.

आजी बरोबर होती. इथे एसटीतून उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, “खयचो तू? कोणाचो झील?” म्हणजे कुठला, कोणाचा मुलगा. दोन उत्तरांत तुमचे आजोबा सापडतात. अशा ठिकाणी एका पोराची थाप दीड तास कुणालाच कळत नाही, हे कुणाला पटावं? शहरातली गोष्ट उचलून समुद्राकाठी ठेवली की हेच होतं.

तेव्हापासून मी उलटं बांधतो. प्रेक्षकाला थाप दहाव्या मिनिटाच्या आत कळली पाहिजे. मग एकेक करून वाडीला कळते, आणि प्रत्येक जण आपापल्या कारणाने गप्प बसतो. दुकानदार गप्प, कारण पोराची उधारी आहे आणि लग्न जमलं तर ती वसूल होईल. बागेचा खरा मालक गप्प, कारण ऐन हंगामात दुसरा राखणदार मिळत नाही. काकी गप्प, कारण तिला गजालीला विषय हवाय. या गप्प बसण्यावर सगळी कॉमेडी उभी राहते. धक्क्याची गरजच उरत नाही.

राहिली नायिका. तिला कधी कळावं? माझं ठाम मत: त्याने कबूल करायच्या पुष्कळ आधी. आणि कुणी येऊन सांगितल्यामुळे नको, तिचं तिला कळू दे. फसली गेलेली मुलगी बावळट दिसली की प्रेक्षकांतल्या बायका तुमच्या फिल्ममधून उठून जातात, बसल्या जागी असल्या तरी.

दुसऱ्या फिल्ममध्ये मी तिला आंबा दलालाची मुलगी केलं. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा माल भरलेला तिला नुसत्या सालीवरून कळतो. ती बाग बघायला येते. हा मालक म्हणून मिरवतो, आणि मिरवता मिरवता झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, उचलून वरचा एक आंबा काढतो. देठासकट, चीक फळावर न सांडता, अलगद. ती आंब्याकडे बघत नाही, त्याच्या मनगटाकडे बघते. चीक कातडी भाजतो. वर्षानुवर्षं आंबे काढणाऱ्याच्या हातावर त्याचे काळपट डाग राहतात, आणि बागवाल्या मालकाच्या हातावर ते क्वचितच असतात. ती काहीच बोलत नाही, आंबा हातात घेते आणि देठ हुंगते.

एवढंच. एक क्लोज-अप, संवाद शून्य. ज्या हाताने थाप उघडी पाडली त्याच हातावर तिचा जीव जडला, हे वेगळं सांगावं लागलं नाही. कलमाखाली सावलीत सकाळी नऊ ते बारा उजेड जवळपास सारखा राहतो, त्यामुळे अकरा टेक घेतले तरी कुणी घाबरलं नाही.

मग कबुली. ती पडवीत ठेवा, हातांना काम देऊन. आमच्या सीनमध्ये ती पेंढ्यात आंबे रचत मोजतेय.

“बाग माझी नाय,” तो म्हणतो.

“सात… आठ… वाईच थांब, मोजूक दी.”

तो थांबतो. बारा होतात.

“माका ठावक आसा. दुसरी पेटी घे.”

सात पानांचं अर्धं पान व्हायला मला चार खर्डे लागले. वाटेत जे कापलं ते तुम्ही लिहूच नका: थोबाडीत मारणं, ‘मीही तुझ्याशी खोटं बोलले’ ही परतफेड, आणि सगळं खरं सांगणारा जिवलग मित्र. हा सीन पहिल्या दिवशी लावू नका, नट आखडलेले असतात. शेवटच्या दिवशीही नको, तोवर सगळ्यांचं पोट बिघडलेलं असतं. तिसरा दिवस चांगला. आणि एकाच दिवसात संपवा. आंबा कंटिन्युइटी पाळत नाही, काही दिवसांत हिरव्याचा पिवळा होतो.

उरलेलं

वाडीतल्या माणसांच्या भूमिका दशावतारातल्या कलाकारांना द्या. ते रात्रभर ऐनवेळचे संवाद बोलतात, लिहिलेलं दिलंत तर उलट अडकतात. प्रसंग सांगा आणि कॅमेरा चालू ठेवा. आवाज मात्र शेवटच्या रांगेसाठी फेकतात, तेव्हा पहिला तास ‘वाईच हळू’ म्हणण्यात जाणार हे धरा.

घरातले एलईडी दिवे लुकलुकतात, शटर १/५० ठेवा. माइकला केसाळ टोपडं घाला. प्रत्येक जागी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती शांतता रेकॉर्ड करा. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, किल्ल्याच्या नादी लागू नका, संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. थिएटरात जायचं असेल तर फ्रेममध्ये बैलगाडी आणायच्या आधी पशू कल्याण मंडळाची परवानगी काढा, नाहीतर सेन्सॉरच्या वेळी त्या एका बैलासाठी अडकाल.

पेट्या विकत घेऊ नका. मालकाशी बोलून त्याचाच संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाणारा माल दिवसभर वापरा. मात्र जेवणाच्या सुट्टीत पेट्यांच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. आमच्या वेळी गाडी येईपर्यंत दीड डझन कमी भरले होते.