शटडाउनच्या कामाला उतरण्याआधी: नागपूरच्या ठेकेदारांसाठी सुरक्षेची तयारी

शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना काही दिवस बंद ठेवणं. कारखाना बुटीबोरीचा असो, हिंगण्याचा असो की कोराडीचं वीज केंद्र असो, बाहेरच्या ठेकेदाराकडून सुरक्षेची काय अपेक्षा आहे ते वर्क ऑर्डरला जोडलेल्या शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं. बहुतेक जण ही पानं काम हातात आल्यावर उघडतात. ती वाचायची वेळ त्याच्या आधीची, म्हणजे दर भरण्याची. पूर्णवेळ सेफ्टी सुपरवायझर, परांचीचे पाइप आणि क्लॅम्प, गॅस डिटेक्टरचं भाडं, हवा मारायचा ब्लोअर, आगीवर लक्ष ठेवायला बसवलेला हेल्पर, ही सगळी खर्चाची कलमं आहेत. दरात धरली नाहीत तर पुढे पैसे कमी पडले की पहिली कात्री यांनाच लागते. म्हणून यादीतलं पहिलं काम हे, की दर देण्याआधी जागा बघून यावी. सोबत टेप न्यावा आणि उंची, छपराचा पत्रा, टाकीच्या मॅनहोलचं माप, वीज कुठून मिळणार आणि सावली कुठे आहे, एवढं लिहून आणावं.

कागदांना पंधरा दिवस द्यावेत. पीएफ आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) यांचे मागच्या महिन्याचे चलान, ज्यांना गेटवर उभं करायचं त्याच माणसांची नावं असलेले, हे सगळीकडे मागतात. नवा माणूस घेतला असेल तर कामावर येण्याआधी त्याचा ईएसआयसी नंबर निघालेला हवा. इथे एक फट हमखास राहते. ईएसआयसीची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये वेतनाची आहे आणि चांगला वेल्डर किंवा रिगर (जड सामान उचलून बसवणारा) त्याच्या वर जातो. अशा माणसांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी काढावी लागते. ती नसेल तर सगळ्यात जोखमीचं काम करणारा माणूसच विम्याबाहेर राहतो. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार लावणार असाल तर लायसन्स लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकाला नेमणूकपत्र दिल्याची प्रतही फाइलला लावावी. बांधकाम असेल आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर बांधकाम कामगारांची नोंदणी आणि १ टक्का उपकर कोण भरणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं. चेन पुली ब्लॉक, स्लिंग, डी-शॅकल या वजन उचलायच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून झालेली तपासणी एका वर्षाच्या आतली असावी. प्रमाणपत्रावरचा नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळतो का, ते आपल्या गोदामातच बघून घ्यावं. गेटवर ट्रक परत फिरतो तो बहुतेक याच कारणाने.

माणसं निवडताना कोण मोकळा आहे एवढंच बघून चालत नाही. उंचीवर चढणाऱ्याची रक्तदाब, नजर, मिरगी आणि चक्कर यांची तपासणी डॉक्टरकडून करून घ्यावी आणि त्यात नापास झालेल्याला खालचं काम द्यावं. त्याला घरी पाठवलं की पुढच्या खेपेला तो आजार लपवतो. टोळीत छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडची माणसं असतात. कंपनीचं इंडक्शन (कामाआधी दिली जाणारी सुरक्षेची माहिती) मराठीत किंवा इंग्रजीत झालं तर ती माना डोलावतात आणि सही करतात. इंडक्शन हिंदीत व्हावं असं सेफ्टी ऑफिसरला आधीच सांगून ठेवावं. नंतर प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: सायरन वाजला तर कुठे जमायचं, फोन कोणाला करायचा, आणि परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) कोणाकडे आहे. उत्तर आलं नाही तर सहीला काही अर्थ नाही.

अंगावरच्या सामानात हेल्मेट आयएस २९२५ चं आणि बूट आयएस १५२९८ चे, दोन्हीवर आयएसआयचा शिक्का. मोजताना दहा टक्के जास्त धरावं. बुटांची मापं आधी विचारून घ्यावीत, नाहीतर सातचा पाय नऊच्या बुटात घालून माणूस शिडीवर चढतो.

उंचीचं काम जरा सावकाश बघू, कारण शटडाउनमध्ये माणूस जातो तो बहुतेक इथेच. कमरेचा पट्टा नको, आयएस ३५२१ चा पूर्ण अंगाचा बेल्ट हवा, त्याला दोन दोऱ्या आणि शॉक अॅब्सॉर्बर (पडताना उघडून झटका कमी करणारी पट्टी). दोन दोऱ्या अशासाठी की जागा बदलताना एक हूक नेहमी अडकलेला राहावा. प्रत्येक बेल्टची पट्टी बोटांमधून फिरवून बघावी: वेल्डिंगची ठिणगी पडून झालेलं भोक, उसवलेली शिवण, फाटलेलं अॅब्सॉर्बरचं वेष्टण. यातलं एकही दिसलं तर बेल्ट कापून टाकावा, बाजूला ठेवू नये. बाजूला ठेवलेला बेल्ट गर्दीच्या दिवशी परत कोणाच्या तरी अंगावर चढतो.

पुढचं गणित फार थोडे जण करतात. दोरी १.८ मीटरची, अॅब्सॉर्बर पूर्ण उघडला तर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हूक जिथे अडकवला त्याखाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा हवी. चार-पाच मीटरच्या शेडमध्ये कमरेच्या पातळीला हूक लावून माणूस पडला तर अॅब्सॉर्बर पूर्ण उघडायच्या आत तो जमिनीवर आदळू शकतो. अशा ठिकाणी डोक्यावर अँकर (हूक अडकवायची भक्कम जागा) शोधावा आणि रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप आत ओढणारा आणि झटका बसताच अडवणारा) न्यावा, किंवा कठडा असलेली परांची उभारावी. कठड्याची वरची पट्टी फळीपासून सुमारे एक मीटरवर, मधली त्याच्या निम्म्यावर आणि पायाशी १५० मिलिमीटरचा टो-बोर्ड. टो-बोर्ड नसला की पाना सरकतो आणि खालच्याच्या डोक्यात बसतो. शिडी चार फूट उंचीला एक फूट पायथा या हिशोबाने लावावी आणि वर उतरायच्या जागेपेक्षा एक मीटर जास्त राहू द्यावी.

हिंगण्याच्या जुन्या शेडवर अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत. माणसाचं वजन ते पेलत नाहीत. परलिनच्या (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) बोल्टच्या रेषेवरून चाललं तर चालतं, हा समज घातक आहे, कारण तोल गेला की पाय रेषेबाहेरच पडतो. उजेडासाठी मधे बसवलेले फायबरचे पत्रे तर काही वर्षांत धुळीने इतके मळतात की वरून बाकीच्या पत्र्यांपासून ओळखू येत नाहीत. चढण्याआधी शेडच्या आत उभं राहून वर बघावं, उजेड येतो ते पत्रे मोजावेत आणि वर गेल्यावर त्यांना खुणा कराव्यात. चालायला किमान दोन परलिनवर टेकतील अशा फळ्या आणि खाली जाळी. जाळी लावता येत नसेल तर मॅन-लिफ्टचा दर धरावा. बेल्ट लावूनही लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, मांडीच्या पट्ट्यांनी रक्त अडतं. तेव्हा त्याला उतरवायचं कोणी आणि कशाने, हे चढायच्या आधीच ठरलेलं असावं.

टाकी, हॉपर, खड्डा, गटार यांत उतरायचं असेल तर चार गॅसचा डिटेक्टर लागतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या आत, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. वाचन वर, मधे आणि तळाला, तिन्ही ठिकाणी घ्यावं, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. सडक्या अंड्यांच्या वासावर विसंबू नये. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस पुढे सरकतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजावं. टाकीत आर्गॉन वेल्डिंग असेल तर जास्तच, तो हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. आत दिवा २४ व्होल्टचाच. मॅनहोलवर बसलेल्याला दुसरं काम देऊ नये, आणि आतला माणूस कोसळला तर त्याने उडी मारायची नाही, दोरी ओढायची आणि हाक द्यायची, हे त्याच्याकडून वदवून घ्यावं. एकामागून एक माणसं जातात ती वाचवायला उतरल्यामुळे.

गॅस कटिंगच्या सेटला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाला उलटी नळीत शिरू न देणारा) टॉर्चकडेही आणि रेग्युलेटरकडेही. अॅसिटिलीनचा सिलिंडर उभाच हवा, आडवा केला तर आतला अॅसिटोन बाहेर येतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लागू देऊ नये. ठिणगी साधारण ११ मीटरपर्यंत जाते, त्या घेरातलं सगळं हलवावं किंवा फायर ब्लँकेटने झाकावं. काम संपल्यावरही किमान अर्धा तास एक माणूस बादली आणि एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच थांबवावा. ग्राइंडरचा गार्ड काढून मोठी डिस्क चढवायची खोड आपल्याकडे फार आहे, आणि लाकूड कापायचं दात्यांचं ब्लेड बसवायची त्याहून वाईट. असली मशीन गोदामातूनच बाहेर पडू देऊ नये. डिस्कवरचे आरपीएम मशीनपेक्षा जास्त हवेत आणि मधल्या पत्र्याच्या कडीवरची मुदत संपलेली नसावी.

विजेसाठी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचा) आपलाच बोर्ड न्यावा आणि टेस्टचं बटण रोज सकाळी दाबावं. प्लग औद्योगिक, म्हणजे सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खोचून वायर बसवायचा प्रश्नच येत नाही. वेल्डिंगची परतीची वायर जॉबलाच लावावी, शेडच्या खांबाला नाही. मशीन बंद करून काम असेल तर प्रत्येक माणसाचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात. कुलूप लावल्यावर चालू करायचं बटण दाबून बघावं. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि चुकीचा फीडर (वीजपुरवठ्याची लाइन) बंद झाला असेल तर ते इथेच कळतं.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये शटडाउन असेल तर तयारीचा निम्मा भाग हाच समजावा, आणि नवतपाचे दिवस सापडले तर दुपारी बारा ते चार पत्र्यावरचं काम वेळापत्रकातूनच काढावं. पाण्याचा हिशोब असा: दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे तासाला पाऊण लिटर. वीस माणसं आणि आठ तास धरले तर १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार. पाणी कामापासून दोन मिनिटांच्या आत असावं, लांब असेल तर कोणी उतरून पीत नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावं. एका ग्लासात पाकीट रिकामं केलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. उन्हाची सवय नसलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या वीस टक्केच द्यावं आणि रोज वीस टक्के वाढवावं. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो दारू प्यायला असेल असं म्हणून बाजूला बसवू नये. ते ऊन लागल्याचं लक्षण आहे. सावलीत न्यावं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

दवाखाना आधीच ठरवून फळ्यावर लिहावा. बुटीबोरीहून येताना वर्धा रोडवर मिहानमध्ये एम्स आहे, हिंगणा एमआयडीसीला डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल जवळ पडतं, शहराच्या बाजूला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं. एकदा गाडीने जाऊन रस्ता बघून ठेवावा, विशेषतः रात्रपाळी असेल तर.

बाजारगाव-कोंढाळीच्या पट्ट्यात स्फोटकांच्या कारखान्यात काम असेल तर मोबाइल, काडीपेटी, लायटर आणि नायलॉनचे कपडे गेटबाहेर. अंगावर सुतीच. बाकी तिथले नियम वेगळेच असतात, ते त्यांच्याकडूनच लेखी घ्यावेत.

पहिल्या दिवशी परमिट निघायला तासभर जातो असं धरून माणसं बोलवावीत. परमिट त्या पाळीपुरतं आणि त्या जागेपुरतं असतं. शेजारच्या टाकीवर सरकलात तर नवं घ्यावं. औजारांची यादी गेटवर परतीच्या चलानात चढवून घ्यावी, नाहीतर आपलंच सामान बाहेर काढताना दिवस जातो. शेवटच्या दिवशी निम्मी टोळी गावाला निघालेली असते, सामान बांधून होतं आणि परांची उतरवणं मात्र बाकी राहतं. म्हणून बेल्टची पेटी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवावी.