धातू, अधातू की धातुसदृश? घरच्या साधनांनी तपासण्याची पद्धत

एखादा पदार्थ धातू आहे, अधातू आहे की धातुसदृश (म्हणजे दोन्हींचे काही गुण असलेला), हे ठरवताना विद्यार्थी पहिल्यांदा चकाकी पाहतात, आणि गोव्यासारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात नेमकी तीच खूण सर्वांत कमी भरवशाची असते. खारा वारा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे लोखंडी खिळा तांबूस होतो, तांब्याची तार काळवंडते आणि ॲल्युमिनियमवर निस्तेज पापुद्रा चढतो. याउलट आयोडीनचे स्फटिक आणि ग्रॅफाइट हे अधातू असूनही चकाकतात. म्हणून चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पृष्ठभाग खरवडावा, मग ठोकून पाहावे, त्यानंतर वीजवहन तपासावे आणि शंका उरल्यास तापमानाची चाचणी घ्यावी.

नमुने म्हणून तांब्याची तार, ॲल्युमिनियमचा तुकडा, लोखंडी खिळा, गंधकाचा खडा, लाकडी कोळसा, गडद शिशाची पेन्सिल (तिचे ‘शिसे’ म्हणजे ग्रॅफाइट, शिसे हा धातू नव्हे) आणि मिळाल्यास शुद्ध सिलिकॉनचा तुकडा घ्यावा. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्याही चालतील. मात्र शिसे विषारी असल्याने ते हातमोजे घालूनच हाताळावे आणि खरवडू नये. पाऱ्याला हात लावू नये, आणि गंधक कोणत्याही परिस्थितीत तापवू नये.

शिशाच्या गोळ्या वगळून प्रत्येक नमुन्याचा एक कोपरा पॉलिश पेपरने घासून ताजा पृष्ठभाग पाहावा. धातूची चकाकी घासताच उघड होते, कोळसा आणि गंधक मात्र निस्तेजच राहतात. डिचोली, सत्तरी किंवा सांगे या भागांतील विद्यार्थी या वेळी हमखास खनिजाचा जड, चमकदार दगड घेऊन येतात. तो बहुधा हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग असतो. धातू, अधातू, धातुसदृश ही विभागणी मूलद्रव्यांची असल्यामुळे तो यांपैकी कोणत्याच गटात बसत नाही. लादीच्या न चकाकणाऱ्या मागच्या बाजूवर तो घासला, तर तांबडी-कथ्थई रेघ उमटते, आणि एवढ्यावरूनच तो लोखंडाचा तुकडा नव्हे हे कळते.

यानंतर नमुना जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, हातोडीने हलकेच ठोकावा. धातू चपटा होतो, कारण त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी त्यांना बांधून ठेवणारे मुक्त इलेक्ट्रॉन त्यांच्यासोबतच राहतात. गंधकाचा भुगा होतो. सिलिकॉन धातूसारखा करडा चमकतो, पण काचेसारखा फुटतो, आणि दोन्ही गटांच्या खुणा एकाच तुकड्यात दिसणे हीच धातुसदृशाची पहिली चाहूल होय. येथे एक सापळा आहे. बिडाचा तवा आपटल्यास तडकतो, म्हणून लोह ठिसूळ आहे असा निष्कर्ष काढू नये. बीड म्हणजे शुद्ध लोह नव्हे, त्यात सुमारे 2 ते 4 टक्के कार्बन मिसळलेला असतो. देवळातील घंटाही तांबे असलेल्या मिश्रधातूचीच असते, त्यामुळे नादमयतेचे उदाहरण म्हणून ती उत्तम असली तरी तिच्यावरून तांब्याचे गुण ठरवू नयेत.

लोहचुंबकाने फारसे काही सिद्ध होत नाही. नेहमीच्या तापमानाला लोह, कोबाल्ट आणि निकेल हे तीनच परिचित धातू त्याकडे जोराने ओढले जातात. सध्याची 1 आणि 2 रुपयांची स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, पण स्वयंपाकघरातील स्टीलची बरीच भांडी चिकटत नाहीत. घनतेनेही गट ठरत नाही, कारण सोडियम पाण्यापेक्षा हलका असूनही धातूच आहे. मात्र हातातला धातू कोणता, हे ओळखण्यास ती उपयोगी पडते. मोजपात्रातील पाणी किती मिलिलिटरने चढले ते पाहून त्या आकड्याने ग्रॅममधील वजनाला भागावे. ॲल्युमिनियमसाठी उत्तर 2.7 च्या, लोखंडासाठी 7.9 च्या आणि तांब्यासाठी 9 च्या आसपास येते. तुकडा फार लहान असेल, तर पाण्याची पातळी वाचण्यातली चूक उत्तर पार बिघडवते.

वीजवहनासाठी साधा मल्टिमीटर (वीज आणि तिला होणारा अडथळा मोजणारे उपकरण) पुरतो. घरातल्या वीजजोडणीवर हा प्रयोग मुळीच करू नये. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पापुद्रा वीज अडवत असल्याने टोके खरवडलेल्या जागीच टेकवावीत. गंधकातून वीज जात नाही, पण पेन्सिलचे शिसे दोन्ही बाजूंनी तासून तपासल्यास त्यातून ती जाते, कारण त्यातील ग्रॅफाइटमध्ये इलेक्ट्रॉन थरांच्या दिशेने मोकळेपणी फिरू शकतात. ग्रॅफाइट ठिसूळ असल्याने तो आधीच्या चाचणीत वेगळा पडलेला असतो. म्हणूनच या दोन चाचण्यांचे निकाल एकत्र वाचावेत.

सर्वांत बोलकी चाचणी तापमानाची आहे. तिची धातूची बाजू 60 वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बवर पाहता येते. होल्डरमधून काढलेल्या, पूर्ण थंड झालेल्या बल्बचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मल्टिमीटरवर साधारण 60 ते 70 ओहम भरतो. पेटलेल्या अवस्थेतला रोध मोजायचा नसून गणिताने काढायचा आहे. घरातील विजेच्या 230 व्होल्टचा वर्ग करून त्याला बल्बच्या 60 वॅटने भागल्यास सुमारे 880 ओहम येतात. टंगस्टन तापला की त्याचे अणू जोराने कंप पावतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते, म्हणून रोध साधारण तेरा ते पंधरा पट होतो.

शुद्ध सिलिकॉनमध्ये याच्या उलट घडते. त्याचे बहुतेक इलेक्ट्रॉन बंधांमध्ये अडकलेले असतात आणि उष्णता मिळाली की त्यांतील काही मोकळे होतात. तुकड्याच्या दोन टोकांना तारा घट्ट दाबून बसवाव्यात, रोध नोंदवावा, मग केस वाळवण्याच्या यंत्राने तो थोडा वेळ गरम करून पुन्हा नोंदवावा. आकडा खाली येताना दिसतो. फुटक्या सौर पॅनेलमधील किंवा डायोडमधील सिलिकॉन यासाठी घेऊ नये. त्यात बोरॉन किंवा फॉस्फरस यांसारखी मूलद्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात, वाहक कण आधीच तयार असतात, आणि नेहमीच्या तापमानाच्या आसपास त्याचा रोध तापवल्यावर उलट थोडा वाढूही शकतो.