न सुटणारा स्क्रू

स्क्रू फिरत नसेल तर जोर नंतर, आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक बदला. जुन्या जपानी कॅमेऱ्यात, टेपमध्ये जेआयएस (जपानी मानकाच्या) अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतात. त्यात साधं फिलिप्स (नेहमीचं अधिक-चिन्हाचं) टोक घसरतं आणि खाच खातं. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटी टोकं मिळतात, घेऊन ठेवा.

लॅपटॉपच्या स्क्रूंना बऱ्याचदा आट्यांवर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद) असतं. बॅटरी काढा, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद धरा. शेजारी प्लॅस्टिक असेल तर हात आखडता! मग उभा दाब देऊन आधी किंचित घट्ट करा. 'कट्' झालं की उलटं फिरवा. खाच झिजलीय? टोक आणि खाचेच्या मध्ये रुंद रबरबँड ठेवून बघा. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मात्र बोर्डावर नको.