बार असोसिएशनमध्ये अभ्यासमंडळ कसं उभं करावं आणि कसं टिकवावं

तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या बहुतेक वकील संघांत कधी ना कधी अभ्यासमंडळ सुरू झालेलं असतं. उद्घाटनाला बार रूम भरते, दुसऱ्या व्याख्यानाला निम्मे येतात आणि तिसरं व्याख्यान पुढे ढकललं जातं ते कायमचंच. कारण बहुधा एकच असतं. व्याख्यान ऐकून ज्युनिअरला दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) काही हाती लागत नाही. ज्याला उद्या कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) दाखल करायची आहे, त्याला आपल्या मसुद्यातलं कोणतं वाक्य अशिलाला अडचणीत आणेल हे समजून घ्यायचं असतं.

म्हणून मंडळ कागदाभोवती उभं करा. प्रत्येक बैठकीत टेबलावर एकच कागद हवा: दावा, कैफियत, तूर्तातूर्त ताकीद (तात्पुरती मनाई) अर्ज, जामीन अर्ज किंवा उलटतपासणीचं टिपण. कागद नसेल तर त्या आठवड्याची बैठक रद्द करा, पण ती वेळ भाषणाने भरू नका.

माणसं, वेळ आणि ठराव

आठ ते पंधरा जण पुरेत. पंधराच्या वर गेलं की शेवटच्या रांगेतले नुसते ऐकतात, मग दोन गट पाडलेले बरे. दिवाणी आणि फौजदारी असे गट मात्र पहिल्याच वर्षी पाडू नका. तालुक्याला दोन्हीकडे काम करणारेच जास्त असतात.

दुपारची सुट्टी सोयीची वाटते, पण ती फसवी आहे. ज्युनिअर त्या वेळात नकला, नाझर शाखा आणि सिनियरचे निरोप यांत अडकलेला असतो. संध्याकाळी उशिराची वेळ ठेवली की बाहेरगावाहून येणारे आणि घरी लहान मुलं असलेल्या वकील भगिनी आपोआप गळतात. त्यांना विचारूनच वेळ ठरवा. बहुतेक ठिकाणी कोर्ट सुरू होण्याआधीची ४५ मिनिटं टिकतात. वार आठवड्याचा मधला निवडा. शनिवार धरला तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीने लय तुटते.

कार्यकारिणीकडून एक छोटा ठराव करून घ्या. त्यात तीन गोष्टी पुरतात: बार रूमचा वापर, ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे राहील आणि झेरॉक्सचा खर्च संघ करेल की सदस्य. निमंत्रक शक्यतो पदाधिकारी नसावा. निवडणुकीत पॅनेल बदललं की पदाधिकाऱ्याचं मंडळही 'त्यांचं' ठरतं आणि बंद पडतं. पाच-दहा वर्षं वकिली झालेली व्यक्ती निमंत्रक असावी, मुदत सहा महिन्यांची असावी आणि पुढचा निमंत्रक मुदत संपण्याआधी महिनाभर सोबत काम करत असावा.

एक बैठक, ४५ मिनिटं

कागद दोन दिवस आधी सगळ्यांकडे पोचला पाहिजे, आणि तो दोन पानांचाच हवा. दावा वीस पानी असेल तर वादाचे परिच्छेद तेवढे काढून द्या. पहिली पाच मिनिटं प्रकरणाची हकीकत, पुढची पंधरा मिनिटं मसुदा करणाऱ्याची मांडणी, मग वीस मिनिटं चर्चा. शेवटच्या पाच मिनिटांत टिपण ठेवणारा तीन ओळी वाचून दाखवतो: काय बदललं, कोणत्या तरतुदीमुळे बदललं आणि काय तपासायचं राहिलं.

सिनियरनी शेवटी बोलायचं, हा नियम कडक पाळा. सिनियरचं मत आधी आलं की ज्युनिअर माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. सिनियरना हे आधीच खाजगीत सांगून ठेवलं तर कोणाला वाईट वाटत नाही. बहुतेक सिनियर ते आनंदाने मान्य करतात.

सुरुवातीला कैफियत घ्या, कारण चुका तिच्यात सर्वांत जास्त आणि सर्वांत महाग असतात. 'परिच्छेद १ ते १० मधील संपूर्ण मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य नाही' हे वाक्य प्रत्येक बारमध्ये चालतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ रूल ३ प्रमाणे असा मोघम नकार पुरत नाही, प्रत्येक कथन वेगळं नाकारावं लागतं. रूल ५ प्रमाणे जे स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारलं नाही, ते कबूल धरलं जातं. रूल ४ तर नीट वाचलेलाच नसतो. वादीचं कथन असं की त्याने १२ मार्चला पाच लाख रुपये दिले, आणि प्रतिवादी लिहितो, '१२ मार्चला पाच लाख रुपये मिळाले हे खरे नाही.' मग चार लाख मिळाले का? दुसऱ्या तारखेला मिळाले का? नियम सांगतो की ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असं लिहा, नाहीतर किती मिळाली ते लिहा. बैठकीत प्रत्येकाला एकेक परिच्छेद देऊन नकार पुन्हा लिहायला लावा. वीस मिनिटांत जो फरक दिसतो, तो तासाभराच्या भाषणात दिसत नाही.

त्याच बैठकीत मुदतीचा हिशेब घ्या. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारणं नोंदवून ९० दिवसांपर्यंत. साध्या दिवाणी दाव्यात ही ९० दिवसांची मर्यादा निर्देशात्मक (म्हणजे सक्तीची नसलेली) आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश वि. नन्हकू या निकालात म्हटलं. पण मुदतवाढ ही अपवादाची गोष्ट आहे, हेही तिथेच म्हटलं. वाणिज्यिक (व्यापारी व्यवहाराच्या) दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. ज्युनिअर साध्या दाव्यातली सवलत लक्षात ठेवतात आणि वाणिज्यिक दाव्यातली अट विसरतात.

विसंगती सिद्ध करण्याचा सराव

फौजदारी बाजूला एकच सराव वर्षातून तीनदा केला तरी चालेल: पोलिसांपुढच्या जबाबाशी साक्षीदाराची विसंगती दाखवणं. तीन जण लागतात: साक्षीदार, तपासी अंमलदार आणि वकील.

समजा साक्षीदार सरतपासणीत (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना) म्हणतो की आरोपीच्या हातात कोयता होता, आणि जबाबात लिहिलंय काठी. वकिलाने आधी कोर्टातलं विधान पक्कं करून घ्यायचं. मग जबाबातला नेमका तेवढाच भाग वाचून दाखवायचा आणि असं सांगितलं होतं का ते विचारायचं. साक्षीदार नाकारतो. त्या भागाला 'अ' अशी खूण होते, पण निशाणी (पुरावा म्हणून अधिकृत क्रमांक) अजून पडलेली नाही. तपासी अंमलदाराची उलटतपासणी येते तेव्हा त्याच्याकडून वदवून घ्यायचं की साक्षीदाराने हा भाग तसाच सांगितला होता. तेव्हा कुठे विसंगती सिद्ध होते. नेहमी चुकते ती ही शेवटची पायरी. साक्षीदार आणि अंमलदार यांच्या साक्षींमध्ये कित्येक महिने जातात, टिपण हरवतं, प्रश्न राहतो, आणि युक्तिवादात ती विसंगती वापरता येत नाही. यावर उपाय साधा आहे. खूण झालेल्या प्रत्येक भागाची नोंद फाइलच्या आतल्या कव्हरवर त्याच दिवशी करा.

दुसरी पायरी वगळण्याची, म्हणजे कोर्टात सांगितलं पण जबाबात नाही अशा गोष्टीची. इथे वाचून दाखवायला काही नसतं. साक्षीदाराला विचारायचं, 'हे पोलिसांना सांगितलं होतं का?' तो 'हो, का लिहिलं नाही माहीत नाही' म्हणतो. मग अंमलदाराकडून 'साक्षीदाराने असं सांगितलं नव्हतं' हे घ्यायचं. प्रत्येक वगळणूक विसंगती होत नाही, ती महत्त्वाची आणि प्रसंगाशी निगडित असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा तहसीलदार सिंग निकाल या बैठकीआधी सगळ्यांनी वाचलेला असावा.

जुनी कलमं, नवी कलमं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले, तरी ग्रंथालयातल्या भारतीय दंड विधान (भादंवि), फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या प्रती काढू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना भादंविच लागते आणि अशी प्रकरणं पुढची अनेक वर्षं बोर्डावर राहणार आहेत.

एक बैठक फक्त तक्त्यासाठी ठेवा. रोजच्या वापरातली तीसेक कलमं एका पानावर बसतात. भादंविच्या ४२० (फसवणूक) साठी भारतीय न्याय संहिता ३१८(४), ४९८अ (पत्नीचा छळ) साठी ८५, एफआयआरच्या १५४ साठी नागरिक सुरक्षा संहिता १७३, पोटगीच्या १२५ साठी १४४. सर्वांत धोक्याची जागा ४८२ ची आहे. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत आणि नियमित जामीन ४८३ मध्ये. जुना मसुदा कॉपी करून आकडा बदलायचा राहिला की अर्जाच्या मथळ्यातच घोटाळा होतो. म्हणून मसुद्यात कलमासोबत कायद्याचं पूर्ण नाव लिहायची सवय लावा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही कागद भरूनच शिकवा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या नमुन्याला दोन भाग आहेत: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा) लिहायची जागा आहे. जुन्या पुरावा अधिनियमातल्या ६५ब च्या सवयीने एकाच सहीचं प्रमाणपत्र जोडलं जातं आणि हरकत येते. मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगची हॅश व्हॅल्यू कशी काढतात, हे एखाद्या माहीतगार ज्युनिअरने लॅपटॉपवर करून दाखवलं तर सगळ्यांची भीती जाते. प्रमाणपत्राची सक्ती का आहे, हे समजायला २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर निकाल घ्या.

निकाल तपासूनच आणायचा

हेडनोट (निकालाच्या सुरुवातीचा सारांश) वाचून निकाल मांडायला मंडळात परवानगी नको. निकाल आणणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: किती न्यायमूर्तींचं पीठ, कोणत्या परिच्छेदात मुद्दा आहे, आणि तो पुढे फिरवला गेलाय का. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, अनेकांचे मराठी अनुवादही तिथे आहेत. मात्र कोर्टात दाखवताना मूळ इंग्रजी प्रतच सोबत ठेवा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेला संदर्भ अधिकृत संकेतस्थळावर उघडून पाहिल्याशिवाय कागदावर चढवू नका. अस्तित्वातच नसलेले निकाल ही साधनं पूर्ण सायटेशनसह देतात.

गोपनीयता

एकाच बारमध्ये दोन्ही बाजूंचे वकील बसतात, हे विसरून चालत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं. त्यामुळे मंडळात येणाऱ्या कागदातून नावं, गावं, गट क्रमांक आणि रकमा बदला. त्याच न्यायालयात प्रलंबित असलेलं प्रकरण घेऊच नका. निकाली निघालेलं किंवा बाहेरच्या जिल्ह्यातलं घ्या. न्यायाधीशांच्या स्वभावाची चर्चा टाळा. ती मंडळाबाहेर पोचायला अर्धा दिवसही लागत नाही. बैठकीचे फोटो समाजमाध्यमांवर टाकताना 'तज्ज्ञ वकील' असली विशेषणं नकोत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही.

तारीख सांभाळणारी यादी

एकत्र बसून काम करणाऱ्यांना एकमेकांच्या फाइलींची भीती राहत नाही. त्याचा थेट उपयोग इथे होतो. वकील आजारी पडला, घरी मृत्यू झाला, बाळंतपण आलं, तर त्याच्या तारखा कोण पाहणार? त्यासाठी तारखा सांभाळायला तयार असलेल्या वकिलांची यादी ठेवा. फोनाफोनीवर सोडलं तर साक्षीदार परत जातो किंवा 'नो क्रॉस'चा (उलटतपासणी नाही असा) हुकूम होतो. ऑर्डर १७ प्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देता येत नाहीत. वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालत नाही, आणि वकील आजारी असला तरी पक्षकाराला वेळेत दुसरा वकील देणं शक्य नव्हतं हे कोर्टाला पटावं लागतं.

यादीत सहा ते आठ जण पुरतात, दिवाणी आणि फौजदारी निम्मे-निम्मे. प्रत्येक सदस्य आपल्या फाइलींना एक चिठ्ठी लावून ठेवतो. तिच्यावर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ई-कोर्ट्सवरचा ओळख क्रमांक), प्रकरणाचा टप्पा, मागच्या तारखेला काय झालं आणि पुढच्या तारखेला किमान काय करायचं एवढं असावं. सीएनआर असला की रोजनामा आणि हुकूम ई-कोर्ट्सवर लगेच दिसतात. सांभाळणाऱ्याने काय करायचं नाही, हेही आधी ठरवा: तडजोड पुरशिस (कोर्टाला दिलेलं तडजोडीचं लेखी निवेदन) नाही, कबुली नाही, दावा काढून घेणं नाही, आणि अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. शेवटची अट मोडली तर यादी त्याच दिवशी संपते, कारण आपलं अशील जाईल ही धास्ती लहान बारमध्ये सर्वांत मोठी असते. काम झालं की त्याच संध्याकाळी मूळ वकिलाला दोन ओळींचा लेखी निरोप जातो: काय झालं आणि पुढची तारीख कोणती.

नवीन सनद घेतलेल्यांना यादीत पहिलं वर्ष एकटं पाठवू नका, सोबतीला ठेवा. आणि यादी बार रूमच्या फलकावर लावा. ज्याला गरज पडते, त्याला त्या दिवशी कोणाला विचारावं हे सुचत नसतं.