तिथी बघून गाडी काढा: मुलाबाळांसह वेळास ते चिपळूण

कोकणच्या सहलीची आखणी बहुतेक घरांत हॉटेलच्या बुकिंगपासून सुरू होते. आमच्याकडे ती भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू होते, आणि तो मान सासूबाईंचा. समुद्राकाठचे प्राणी-पक्षी मुलांना नीट दाखवायचे असतील तर किलोमीटरआधी भरती-ओहोटीच्या वेळा हातात हव्यात. त्या तिथीवरून निघतात.

रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण सहल आखायला एवढं पुरतं. मी विज्ञान शिकवते, तरी हे गणित मला पुस्तकात नाही, घरात मिळालं. आता थोरली ते तोंडी करते आणि धाकट्याला पाऊणपट शिकवते.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं, हे उधाण. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हलतच नाही. त्यातून अष्टमीची ओहोटी येते ऐन दुपारी बाराला, तेव्हा वाळूवर मुलांना उभं करवत नाही. याउलट प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत पाणी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान पार खाली गेलेलं असतं. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, त्याची वेळही सकाळी सातच्या सुमाराचीच. पिल्लं समुद्रात गेली की तसंच पुढे किनाऱ्यावर भटकायचं. म्हणून माझा ठाम सल्ला: फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर या काळातली अमावास्या किंवा पौर्णिमा धरा, आणि प्रतिपदेच्या संध्याकाळपर्यंत वेळासला पोचा. फाल्गुनी पौर्णिमेला मात्र शिमगा असतो. पालख्या बघायच्या असतील तर जरूर जा, पण त्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, राहायची सोय फार आधी बोलून ठेवावी लागते. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. गर्दीत लहान मुलांना पिल्लांच्या वाटेला लावलेल्या दोरीपलीकडचं काही दिसत नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असं जायला थांबत-थांबत पाच-सहा तास धरा. घाटात माकडं गाडीजवळ येतील. काच वर, खाऊ आत. त्यांना बिस्किटं टाकली की ती रस्त्याला सोकावतात आणि गाडीखाली येतात, हे मुलांना घाटाच्या आधीच सांगून ठेवा. माकड समोर आल्यावर कोणी ऐकत नसतं. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कोरलेल्या खडकांची जाळी बघण्यासारखी आहे. पण तिथे फक्त ओहोटीलाच उतरायचं, तेही पाणी अजून उतरत असताना. पाणी चढायला लागलं की वाट बंद होते, आणि तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. प्रतिपदेला भरती पाऊणच्या सुमाराला असते. दुपारी पोचलात तर देवदर्शन करा आणि खडकांचा मोह सोडा.

तिथून बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवली की सावित्री ओलांडून पलीकडे वेश्वीला, म्हणजे रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात. मुलांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याशी धरून उभं करा. घारी इथेच दिसायला लागतात. अंग विटकरी आणि डोकं-छाती पांढरी असली तर ती ब्राह्मणी घार.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता ओळख कासवांची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी बहुतेक अंडी माणसांच्या, कुत्र्यांच्या नाहीतर कोल्ह्यांच्या तोंडी जायची. आज गावातली माणसंच कासवमित्र म्हणून पहाटे किनारा चालतात. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, सुरईच्या आकाराचा खड्डा काढते, शंभरच्या वर अंडी घालते, वाळू दाबते आणि परत जाते. कासवमित्र तिच्या मागावरून घरटं हुडकतात, अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या जागेत, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. पुढे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब काम करते. वाळू जास्त गरम असेल तर माद्या अधिक निपजतात, गार असेल तर नर. थोरलीने यावर विचारलं, "मग ऊन वाढत गेलं तर सगळ्या माद्याच?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे, एवढं मी तिला सांगितलं.

राहायला गावातल्या घरीच राहा. फोन करताना खोलीच्या भाड्याआधी विचारा की कोणत्या घरट्यातून पिल्लं कधी अपेक्षित आहेत. तारीख नेमकी कोणी देऊ शकत नाही, पण अंदाज मिळतो. दोन रात्री ठेवल्या तर सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार संधी मिळतात. आणि मुलांना निघण्यापूर्वीच सांगा की पिल्लं निघतील किंवा निघणार नाहीत. हॅचरीत घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली नुसतीच वाळू निघाली, असंही होतं.

निघाली तर काय करायचं ते नीट वाचा. दोरीच्या अलीकडे बसा, उभे राहू नका, म्हणजे मागच्यांना दिसतं. मोबाईलचा फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. समुद्रावरचं आभाळ उजळ असतं म्हणून ते पाण्याकडे वळतं, आणि तुमचा दिवा त्याला उलटं फिरवतो. हात लावायचा नाही, उलटलं तरी नाही, कासवमित्र बघून घेतील. पिल्लांना थेट पाण्यात का सोडत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. वाळूवरची ती चाल त्यांनी स्वतःच चालायची असते. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मलेल्या किनाऱ्याकडे परतते आणि तो किनारा ती याच सुरुवातीच्या काळात मनात नोंदवते, असं मानतात.

जवळून बघा. पाठ चार-पाच सेंटिमीटरची, काळसर राखाडी, तिच्यावर वाळूचे कण चिकटलेले. पुढचं डावं आणि मागचं उजवं वल्हं एकदम पडतं, मग उलट. मागे राहणारी नक्षी वेणीसारखी दिसते. पहिली लाट त्याला हातभर मागे फेकते. ते थांबतं, मान वर करतं, परत निघतं. आमचा धाकटा, जो जेवायला पाच मिनिटं बसत नाही, तो एका पिल्लासाठी वाळूत पोटावर पडून होता, ते दिसेनासं होईपर्यंत.

संध्याकाळी मुलांना प्रथमेची गोष्ट सांगा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग झालेलं ते पहिलं ऑलिव्ह रिडले, म्हणून नाव प्रथमा. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. नकाशा उघडा आणि मुलांना बोटाने तो रस्ता काढू द्या, श्रीलंकेकडून वळसा घालून.

ओहोटीच्या भटकंतीला जुने सँडल हवेत, चपला नकोत. खडकावरची कालवं पाय चिरतात. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली तर तिथे शांत बसा. थोड्या वेळात इवले खेकडे बाहेर येतात आणि वाळूतलं खाणं चाळून नवी गोळी टाकतात. खडकातल्या डबक्यात शंख चालताना दिसला तर आत खेकडा आहे. शंख-शिंपले घरी न्यायचे नाहीत, तो त्याचा पुढचा निवारा असतो. जिवंत शंखाला हात नको, काही जातींचा डंख विषारी असतो. किनाऱ्यावर जेलीफिश मेलेली वाटली तरी झोंबते. आणि गाडी वाळूवर कधीही उतरवू नका. चाकाखाली घरटं असू शकतं, आणि उधाणाची भरती गाडीसाठी थांबत नाही.

वेळासहून केळशी, आंजर्ल्यावरून हर्णैला या. बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तिथे कुरव (सीगल) पक्ष्यांचे थवे असतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून हिवाळ्याला येतात. मार्चमध्ये बघितलेत तर काहींच्या डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागलेली दिसेल. उंच झाडावर काटक्यांचा मोठा डोलारा दिसला तर समुद्री गरुडाचं घरटं असू शकेल. झाडाखाली जाऊ नका, लांबूनच दुर्बिणीने बघा. एक साधी दुर्बीण घराला पुरते, पाळी लावा.

डॉल्फिनसाठी दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे भागातून सकाळी लवकर होडी घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि मुलांना उलट्या होतात. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, आजीलाही. होडीवाल्या दादांना आधीच सांगा, "पाठलाग नको, इंजिन मंद ठेवून थांबू." चांगले नाखवे तेच करतात. इथे दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, तो उंच उड्या मारत नाही. पाठ वर येते, श्वासाचा फुसकारा येतो आणि तो बुडतो. मुलांना आधी सांगितलं नाही तर ती टीव्हीवरची उडी शोधत बसतात.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर, तिथून चिपळूण. पंचमीपर्यंत चिपळूणला पोचलात तर पुन्हा पाऊणपट करा: भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला. वाशिष्ठीच्या खाडीतल्या मगरी त्याच वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन खायला येतात. बोटीतून हात बाहेर काढायचा नाही आणि काठावर उतरायचं नाही.

किनाऱ्यावर कुठेही जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन, पक्षी आढळला तर पाण्यात ढकलू नका. लोकांना लांब ठेवा, कुत्री हाकला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

परत जायला कुंभार्ली घाट आणि कराड. कराडला माझं माहेर, म्हणून आम्ही तिथे मुक्काम टाकतो. तुम्ही सरळ पुण्याला जाणार असाल तरी चिपळूणहून जेवून दोनच्या आत निघा. अंधार पडल्यावर घाटात साळिंदर, रानडुक्कर, उदमांजर रस्त्यावर येतात, आणि दमलेल्या ड्रायव्हरला ती वेळेत दिसत नाहीत.